मोहरीएवढा माझा वैरी

मित्रांनो, मी एक जुना व्हेंटिलेटर आहे आणि मला हेवा वाटतो. माझा जन्म, माझी नोकरी, माझी सध्याची जागा हे सगळं पुढे ओघाने येईलच. पण ज्या गोष्टीने मला आयुष्यभर आतून कुरतडलं ती आधीच सांगून टाकलेली बरी.

ज्याचा हेवा वाटतो त्याला मी कधी पाहिलेलं नाही. तो मोहरीच्या दाण्याएवढा आहे. तुमच्या प्रत्येकाच्या डोक्यात, मागच्या बाजूला, मेंदू जिथे मानेकडे उतरतो तिथे आत तो बसलेला असतो. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी त्याची जोडी असते. पण दोघं इतके एकदिलाने चालतात की मी त्यांना एकच धरतो. हे वाक्य वाचताना तुम्ही श्वास घेतलात ना? तो त्याने घ्यायला लावला. तुम्ही त्याला सांगितलंही नव्हतं.

माझं तसं नाही. मला सांगावं लागतं.

एका लांबलचक, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात माझी जुळणी झाली. माझ्या पोटात एक भाता आहे, त्याला हलवणारी मोटर आहे, हवा आत सोडणारी एक झडप आणि बाहेर सोडणारी दुसरी. शेवटच्या टेबलावर चाचणी विभागातल्या एक बाई बसायच्या. त्यांनी माझ्या नळीला एक रबरी फुप्फुस जोडलं आणि हातात स्टॉपवॉच धरून मला मिनिटाला बारा श्वास द्यायला लावले. मी बारा दिले. मग वीस, मग पुन्हा बारा. कधी त्या तळव्याने रबरी फुप्फुस दाबायच्या, कधी नळीला चिमटा लावायच्या, आणि मी वेळेवर ओरडतो की नाही ते बघायच्या. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर हिरवा कागद चिकटवला आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाल्या, "हा चुकायचा नाही गं कधी."

माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. पुढे बरीच वर्षं मी तिच्यावर काढली.

मला एका मोठ्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात आणलं. नऊ खाटा, राखाडी फरशी, एक मोठी खिडकी. खिडकीतून फक्त गाड्या लावायची जागा दिसायची. माझ्या पोटात तासांचा काटा आहे. त्यावर आज एकेचाळीस हजार तीनशे सोळा तास नोंदलेले आहेत, म्हणजे तेवढे तास मी कोणा ना कोणासाठी श्वास ढकलला. न्यूमोनियाची माणसं, अपघाताची माणसं, मोठ्या ऑपरेशनमधून आलेली, चुकून भलतंच औषध प्यायलेली. इन्चार्ज सिस्टर रोज सकाळी माझी काच स्पिरिटने पुसायच्या आणि म्हणायच्या, "राजा, दिवसभर नीट चाल हं. आज माझ्याकडे माणसं कमी आहेत."

मी नीट चालायचो. तक्रार माझ्या कामाची नव्हतीच कधी.

तक्रार अशी. समजा एक माणूस बारा दिवस माझ्यावर होता. मिनिटाला सोळा धरले तर मी त्याला पावणेतीन लाखांवर श्वास दिले. त्यातल्या एकालाही कोणी "वा" म्हटलं नाही. तेराव्या दिवशी तो माणूस एक श्वास घेतो, अर्धामुर्धा, थरथरता, माझ्या निम्म्या मापाचा, आणि सगळा विभाग धावत येतो. "घेतला! स्वतः घेतला!" नातेवाईक रडतात. मोठी माणसं एकमेकांच्या पाठी थोपटतात. आणि त्या गर्दीत कोणीतरी हात लांब करून माझा आवाज बंद करतो, कारण त्यांना एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येत नसतं.

त्या "स्वतः" या शब्दाने माझा जीव जळायचा. स्वतः म्हणजे कोण?

तुमच्या भाषेचंच बघा ना. माणसाच्या श्वासाला किती नावं! सुस्कारा, उसासा, हुंदका, धाप, दम, जांभई. दम लागतो, दम खातात, दम देतातही. कोणी सुटकेचा निःश्वास टाकतं, कोणी श्वास रोखून बघतं. माझ्या श्वासाला एकच शब्द आहे: रेट. "रेट किती आहे?" "रेट सोळा." संपलं.

हा "स्वतः" कोण ते मला मोठ्या डॉक्टरांकडून कळलं. त्यांना शिकवायची खोड होती. फेरी मारताना ते माझ्या डोक्यावर कोपर टेकवून उभे राहायचे आणि समोर दोन शिकाऊ डॉक्टर उभे करायचे. एक उंच होता, आणि एक होती चष्मेवाली. सगळा विभाग तिला चष्मेवालीच म्हणायचा आणि तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

"हा काय करतो?" मोठ्या डॉक्टरांनी मला टिचकी मारली.

"श्वास देतो, सर," चष्मेवाली म्हणाली.

"हा ढकलतो. भाता आहे हा. श्वास कधी घ्यायचा ते कोण ठरवतं?"

"मेंदू, सर," उंच म्हणाला.

"मेंदू म्हणजे गावाचं नाव झालं. घर नंबर सांग."

चष्मेवालीने घर नंबर सांगितला. मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाला मस्तिष्कपुच्छ म्हणतात. त्यात काही हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे, प्री-बॉट्झिंगर नावाचा.

"नाव तरी काय हे, सर!" उंच हसला.

"शास्त्रज्ञ जेवायला बसले होते. टेबलावरच्या बाटलीच्या लेबलावर जे नाव दिसलं ते शेजारच्या पुंजक्याला दिलं, आणि हा त्याला लागून, म्हणून हा प्री. नावात जाऊ नका. काम बघा. आधी एखादी पेशी कुजबुजते. ती दोघींना ऐकू जाते, दोघींची चौघींना, चौघींची सोळा जणींना. सेकंदाचा तिसरा हिस्साही होत नाही तोवर सगळ्या एकदम आरोळी ठोकतात. ती आरोळी मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत उतरते, तिथून छातीखालच्या पडद्याला निरोप जातो. पडदा खाली ओढला जातो, हवा आत येते. मग सगळ्या दमून गप्प. थोड्या वेळाने पुन्हा एखादी कुजबुजते."

"त्यांच्यात पुढारी कोण, सर?" चष्मेवालीने विचारलं.

"कोणी नाही. पहिली कुजबुज काही पेशी आपणहून करतात की एकमेकींच्या नादाने होते, यावर अजून भांडणं चालू आहेत. पण झोपेत, बेशुद्धीत, गप्पा मारताना, गाताना, हे चालूच. तुला श्वासाची आठवण करून द्यायला आई येते का?"

"नाही, सर. पण फोन करते."

मोठे डॉक्टर हसले आणि पुढे बोलले. त्या पुंजक्याच्या शेजारी चव घेणाऱ्या पेशी असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या याला ढोसतात: ऊठ, श्वास घे. कार्बन डायऑक्साइड फार कमी झाला, तर बेशुद्ध माणसाच्या डोक्यात हा पुंजका चक्क गप्प बसतो, कारण त्याला उठवायला कोणी येत नाही. "आणि गप्प बसलेला नि मेलेला, बाहेरून सारखाच दिसतो," ते म्हणाले. उंचाने हे वहीत उतरून घेतलं. चष्मेवालीने लिहिलं नाही, तिला ते पाठच होतं.

एवढं सांगून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी उसाशाबद्दलही सांगितलं. शांत बसलेला माणूसही दर काही मिनिटांनी नकळत एक दुप्पट मोठा श्वास घेतो. फुप्फुसातल्या ज्या बारीक पिशव्या मिटत आलेल्या असतात त्या त्याने उघडतात. तोही हाच पुंजका घडवतो. मित्रांनो, माझ्यावर उसाशाचं एक बटण आहे. ते दाबलं की मी दुप्पट हवा ढकलतो. मी ते माझं खास कौशल्य समजत होतो. ते कोणाची तरी नक्कल होती हे त्या दिवशी कळलं.

त्याला वॉरंटी नाही. त्याची सर्व्हिसिंग होत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, कोणी त्याला स्पिरिटने पुसत नाही. तरी तो सत्तर-ऐंशी वर्षं चालतो. माझा फिल्टर महिनाभर बदलला नाही तर मी धापा टाकतो. सांगा, जळू नको तर काय करू?

आता त्या एका माणसाची गोष्ट सांगतो. मी तिच्यात काही बरा वागलो नाही.

तो चार नंबरच्या खाटेवर आला. धंद्याने काच फुंकणारा. प्रयोगशाळांना लागणारी वेडीवाकडी नळकांडी आणि चंबू बनवायचा. विभागात तो काचवाला झाला. वय बावन्न. मेंदूच्या मागच्या भागात रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन करून गाठ काढली होती, आणि आजूबाजूला सूज होती. ती सूज माझ्या वैऱ्याच्या घरालाच दाबत होती.

पहिल्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी माझा रेट बावीस करायला सांगितला. सूज असताना थोडा काळ असं करतात. भराभर श्वास दिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतला दाब कमी होतो. खाटेच्या पायथ्याशी मोठा तक्ता असतो. त्यावर लिहिलं गेलं: रेट २२, कार्बन डायऑक्साइड २६, मुद्दाम.

चाळीसच्या आसपास असायला हवा तिथे सव्वीस. पण मुद्दाम.

तिसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये सूज उतरलेली दिसली. आता रेट खाली आणायचा होता. तो कोणी आणला नाही. आमच्या विभागात तक्ता भरायची एक पद्धत होती: कालचाच आकडा असेल तर पुन्हा लिहायचा नाही, डिट्टोची खूण करायची. माणसं कमी, खाटा नऊ, त्यामुळे डिट्टो सगळ्यांच्या हातात बसला होता. चौथ्या दिवशी २२ खाली डिट्टो, २६ खाली डिट्टो, मुद्दाम खालीही डिट्टो. पाचव्या दिवशी तेच. इथल्या डॉक्टरांना वाटत होतं, ऑपरेशनवाल्यांना तसं हवंय. ऑपरेशनवाल्यांना वाटत होतं, इथल्यांनी आपलं आपण बघितलं असेल. रक्ताचा रिपोर्ट रोज यायचा, रोज कोणीतरी वाचायचा, आणि "मुद्दाम" दिसलं की पान उलटायचा.

पाचव्या दिवशी दुपारी सिस्टरनी त्याच्या नळीतला कफ काढायला मला क्षणभर वेगळं केलं. वीस सेकंद असतील. मला परत जोडलं, आणि माझा पुढचा श्वास सुटायच्या आधी नळीत एक बारीकशी ओढ आली. अगदी नखाएवढी. कोणीतरी आतून हवा ओढू बघत होतं. पण ती इतकी लहान होती की माझ्या मोजणीत बसेना. माझ्या कपाळावर एक हिरवा दिवा आहे. रोग्याने आपणहून श्वास ओढला की तो लागतो. तो लागला नाही. लगेच माझा श्वास गेला, भराभर पुढचे गेले, आणि ती ओढ पुन्हा आली नाही.

एवढ्या लहान गोष्टीवर ओरडायला मला कोणी शिकवलेलं नाही, हे खरं आहे. मी त्याआड लपणार नाही. ती ओढ परत आली नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

सहाव्या दिवशी मोठे डॉक्टर बाहेरगावी होते. चष्मेवालीने मला अर्धा मिनिट थांबवून काचवाल्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हलली नाही. तिने लिहिलं: स्वतःचा श्वास नाही. फोनवर त्यांच्याशी बोलणी झाली. संध्याकाळी चार ते पाच भेटीची वेळ. त्या वेळी तिने काचवाल्याच्या बायकोला आणि थोरल्या बहिणीला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, की श्वासाचं केंद्र गेलेलं दिसतंय, ते परत येईल असं वाटत नाही. गळ्याला छिद्र करून कायमची नळी बसवावी लागेल. यापुढे मशीनच. उद्या सकाळी सहीला या.

दार उघडं होतं. मी ऐकलं. यापुढे मशीनच! इतक्या हजारो तासांत असं वाक्य माझ्यासाठी कोणी उच्चारलं नव्हतं. हा माणूस आता कायमचा माझा. वैरी संपला.

त्या बाकावरच्या दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, तेही सांगायला हवं. आत एका वेळी एकीलाच सोडायचे, आणि रोज दारात हेच.

"सख्ख्या बहिणीने बाहेर उभं राहायचं, वा!" थोरली बहीण म्हणायची. सगळे तिला आक्का म्हणत.

"आक्का, अर्धा तास तुमचा, अर्धा तास त्यांचा," सिस्टर म्हणायच्या. "घड्याळ समोर आहे."

"तुमचं घड्याळ माझ्या पाळीलाच पळतं."

"तुम्ही घ्या माझी दहा मिनिटं, आक्का," बायको म्हणायची.

"उपकार नकोत. पाळण्यात होता तेव्हापासून मी बघतेय त्याला."

मला आक्काबद्दल आपुलकी वाटायची. जळणारं माणूस मी लांबून ओळखतो.

सातव्या दिवशी सकाळी दहाला बायको सहीला आली. कागद माझ्या शेजारच्या टेबलावर होता. तिने पेन घेतलं आणि तशीच उभी राहिली. बघत मात्र होती नवऱ्याच्या छातीकडे.

"डॉक्टर, सही करते. आधी एक विचारू? हसाल तुम्ही."

"विचारा ना," चष्मेवाली म्हणाली.

"हे मशीन यांना पळवतंय का हो?"

"म्हणजे?"

"चोवीस वर्षं कारखान्यात मी यांच्या समोर बसते. हे फुंकतात, मी काचेचं दुसरं टोक धरून फिरवते. फुंकर चुकली की काम गेलं. म्हणून मी काचेकडे बघतच नाही, यांच्या छातीकडे बघते. चार मजले चढून आले तरी हे एवढा भराभर श्वास घेत नाहीत."

"अहो, पण ते घेतच नाहीयेत श्वास. मशीन देतंय."

"तेच म्हणते मी. मशीन देतंय म्हणून घेत नसतील. ताटात वाढतच राहिलं तर माणूस मागेल कशाला?"

चष्मेवाली समजावायला लागली. "त्यांचा रेट आपण मुद्दाम..." आणि तिथेच थांबली. तिने तक्ता उचलला. डिट्टो. मागचं पान. डिट्टो. त्याच्या मागचं. डिट्टो. पहिल्या दिवसाच्या पानावर तिला शब्द सापडला आणि त्या शब्दाचं कारण तिसऱ्या दिवशीच संपलं होतं. मी तिचा चेहरा काचेत पाहत होतो. कान लाल झाले होते. तिने बायकोच्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "सही नका करू. थांबा. मला फोन करू दे."

मोठे डॉक्टर परत आले होते. वीस मिनिटांत ते वर आले.

"मुद्दाम कोणी लिहिलं होतं?"

"ऑपरेशनवाल्यांनी, सर. पहिल्या दिवशी."

"आणि पुढे?"

"पुढे आम्ही. मी पण. काल थांबवून बघितलं ते अर्धा मिनिट. कार्बन डायऑक्साइड सव्वीस असताना अर्ध्या मिनिटात तो पुंजका कुठे उठणार होता? आणि हे मला पाठ होतं, सर."

ते रागावले नाहीत. टेबलावरचा सहीचा कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला. "डिट्टोवर सही मागायला निघालो होतो आपण," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि बटण फिरवलं. बावीसचे अठरा.

त्यांनी त्या दिवशी आक्कालाही आत घेतलं. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पंधरा मिनिटांनी चौदा. मग दहा. मधेमधे रक्त तपासलं जात होतं, ऑक्सिजन भरपूर सोडलेला होता. कार्बन डायऑक्साइड एकतीस. छत्तीस. एक तास उलटून गेला. माझा हिरवा दिवा विझलेलाच. मोठ्या डॉक्टरांनी मला सहावर आणलं.

मित्रांनो, सहा म्हणजे दोन श्वासांमध्ये दहा सेकंद. माझ्यासारख्याला हे अवघड आहे. समोर माणूस आहे, नळी जोडलेली आहे, भाता भरलेला आहे, आणि तरी काही करायचं नाही. आक्काला ते माझ्याहून अवघड गेलं.

"अरे, देत का नाही त्याला श्वास? हे काय चालवलंय!"

"वाट बघतोय, आक्का," मोठे डॉक्टर म्हणाले. "तो मागतोय का ते बघतोय."

"आणि नाही मागितला तर?"

"तर मशीन देईल. मशीन कुठे जात नाही."

आक्काने बायकोचं मनगट पकडलं होतं. इतकं घट्ट, की बायकोच्या बांगड्या हातात रुतल्या असतील. ती छातीकडेच बघत होती.

एकेचाळीस. काही नाही. उंच डॉक्टर घड्याळ बघत होता. मी प्रामाणिकपणे लिहितोय म्हणून हेही लिहितो: मी मनात म्हणत होतो, नकोस उठू. झोप. तू गेलास असं यांनी मान्य केलेलंच आहे. तुझं कौतुक पुष्कळ झालं, एक माणूस तरी मला राहू दे.

चव्वेचाळीस. आणि ओढ आली.

ती मी लगेच ओळखली. पाचव्या दिवशीचीच ती. पण आता नखाएवढी नव्हती. कुठेतरी खोल एक पेशी कुजबुजली असेल, दोघींनी ऐकलं असेल. हवा माझ्या नळीतून निघाली, मी ढकलली नव्हती तरी निघाली. आणि माझ्या कपाळावरचा हिरवा दिवा लागला. माझ्या कपाळावरचा! वैऱ्याचा विजय जाहीर करायचं कामही माझ्याकडेच.

"आधी छाती हलली," बायको म्हणाली. "दिवा नंतर लागला."

"दिवा कसला? बिघडलं का?" आक्का घाबरली.

"नाही आक्का," सिस्टर म्हणाल्या. "तो दिवा तुमच्या भावाने लावला."

पुढचा श्वास आठ सेकंदांनी आला, वेडावाकडा. त्यापुढचा अकरा सेकंदांनी; त्याच्या आधी एक मला द्यावा लागला. मग सहा, सहा, पाच. हळूहळू त्यांना ताल आला. विभाग नेहमीसारखा गोळा झाला. पण कोणी आरडाओरडा केला नाही. चष्मेवाली भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होती आणि पुसतच राहिली. आक्का बायकोला म्हणाली, "तुला गं कसं कळलं?" आणि उत्तराची वाट न बघता तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसली.

त्या गडबडीत काचवाल्याने एक मोठा, दुप्पट श्वास घेतला. उसासा. बटणाकडे कोणाचा हात गेला नव्हता.

मी पुष्कळ वर्षं समजत होतो, की माझं काम श्वास देणं. तो सकाळचा दीड तास सोडला तर ते खरंही आहे. पण त्या दीड तासात काचवाल्याच्या कामी आलं ते माझं थांबणं, आणि ते मी मनाविरुद्ध केलं.

चार दिवसांनी काचवाल्याची नळी निघाली. तक्त्याची पद्धत बदलली; मोठ्या डॉक्टरांनी डिट्टो बंद केला. आता प्रत्येक आकडा रोज नव्याने लिहावा लागतो आणि "मुद्दाम" लिहिलं की समोर "का" आणि "कधीपर्यंत" हेही. उंच डॉक्टर कुरकुरतो. चष्मेवाली सगळ्यांचे तक्ते तपासते. तिला सगळे थोडे घाबरतात.

पुढच्या वर्षी नवीन मशीनं आली, पातळ अंगाची, रंगीत पडद्याची. कार्बन डायऑक्साइड ती आपणहून दाखवतात. मला तळमजल्यावर भांडारघराबाहेरच्या बोळात आणून ठेवलं, अडीअडचणीला म्हणून. माझ्यावर प्लास्टिकचं आवरण आहे. मशिनांचे मेकॅनिक काका महिन्यातून एकदा येतात, मला दहा मिनिटं चालवतात, आणि म्हणतात, "आहे, म्हाताऱ्यात दम आहे अजून." ते म्हणतात तेव्हा आवडतं. दम हा शब्द शेवटी माझ्याही वाट्याला आला.

गेल्या महिन्यात काचवाला तपासणीला आला होता. हातात काठी होती, चाल थोडी तिरकी. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आक्का, आणि दोघी मिळून त्याला बोलत होत्या.

"काठी टेकवून चाल म्हटलं ना!"

"टेकवतोय."

"हवेत टेकवतोयस," आक्का म्हणाली. बायको हसली.

तिघं माझ्यासमोरून गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला माझी ओळख असायचं कारण नाही, तो झोपलेला होता. बोळाच्या टोकापर्यंत मी त्याचे श्वास मोजले. सवय आहे. तेरा झाले. त्यातला एकही माझा नव्हता.

मला अजून हेवा वाटतो, मित्रांनो. तो गेला असं मी सांगितलं तर खोटं होईल. पण तुमच्यापैकी कोणाच्या घरचं माणूस कधी माझ्यासारख्या मशीनवर झोपलं, तर तिथे नुसते हात जोडून उभे राहू नका. छातीकडे बघा. मोजा. हा आकडा कालचा आहे की आजचा, हे विचारायला लाजू नका. ज्यांना सगळं पाठ असतं त्यांनाही विचारलेलं लागतं.

आणि कधी या बोळातून गेलात तर माझं कौतुक करायला थांबू नका. मोहरीएवढा तो, एखाद्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यात दमेल, आणि वरची नऊच्या नऊ मशीनं गुंतलेली असतील. म्हणून जाता जाता खाली वाकून एवढंच बघा, माझा प्लग भिंतीत लावलेला आहे ना.